नऊ आणले होते

एल आल्तोत, जिथे बटाटा शिजायला अर्धी सकाळ जाते,
नेमेसिओने पुढच्या खोलीत समुद्र मांडलाय.
देशाचा गेला, माझा आहे, म्हणतो
आणि बादलीत मीठ ढवळत बसतो.
मिनीबसच्या गिअरपेटीत कोपरापर्यंत हात घालणारा माणूस
चिमटीचिमटीचा हिशेब वहीत लिहितो.
इथल्या हवेत दम नाही तसा पाण्यातही नाही,
म्हणून पंप दोन जास्त. विजेचं बिल मी भरते.

नऊ क्रोमिस. हिरवट-निळे, दोन पेरांएवढे,
सांताक्रूझहून विमानाने, पिशवीत अर्धमेले होऊन आले.
पहिला महिना काय सांगू.
दार आपटलं की नऊच्या नऊ एकदम वळायचे,
एकच अंग असल्यासारखे.
नेमेसिओ शेजाऱ्यांना हाका मारायचा,
या, एकोपा बघायला या.

मग भीती सरली.
आपल्याला इथे कुणी खात नाही हे त्यांना कळलं
आणि ते एकमेकांकडे बघायला लागले.

आठवा पंपाच्या जाळीला चिकटलेला.
सातव्याची शेपटी कुरतडून कुरतडून
मागे नुसती काडी उरलेली.

कपाळावर ओरखडा असलेला तो, मीच दाखवला.
काचेला आरसा लावला तर रविवारभर स्वतःशीच भांडला,
जेवला नाही.
रात्री दिवे घालवून नेमेसिओने दगड हलवले,
घरं मोडली की मालकी मोडते म्हणे.
दोन दिवस मोडली.
शेवटी भोकं पाडलेल्या डब्यात दहा दिवस.
शिक्षा नाही गं, म्हणाला,
परत येईल तेव्हा तो सगळ्यांत नवा असेल, एवढंच.

चौथ्या दिवशी हीटरमागे दडून राहणारा,
ज्याच्यावर माझा जीव होता,
ज्याला मी चमच्याने वेगळं भरवलं,
तो बाहेर आला
आणि ओरखडेवाल्याच्या जागी उभा राहून
ओरखडेवाल्यासारखाच अंगावर धावला.
मी दुकानात जाऊन उगाच लोकरीचे गुंडे लावत बसले.

आम्ही तिघी बहिणी.
बाप पिऊन यायचा तेव्हा एका घोंगडीखाली
सहा पाय, एक श्वास.
तो गेला. बाजारातली त्याची जागा दोन मीटर.
प्रिमितिवाशी मी सहा वर्षं बोललेले नाही.
दोन मीटर.

मार्चमध्ये नेमेसिओने मोठा मासा आणला,
पिवळाधम्मक, पाठीवर काटे, तोंड सशासारखं लांबुळकं.
शेवाळ खातो बिचारा, पण ते त्यांना कुठे ठाऊक?
तो काचेपाशी वळला आणि सातही
क्षणात गोळा झाले, खांद्याला खांदा.
नेमेसिओने टाळ्या वाजवल्या.
मला टाकीकडे बघवेना.

जूनपर्यंत पिवळ्याचीही सवय झाली.
ओरखडेवाला त्याच्या पोटाखालून आरामात जातो.
एक आणखी गेला, कसा ते कळलं नाही.
आता सहा. दिवसातून सहा वेळा चिमूटभर,
आणि तीन कोपऱ्यांत. एकाच ठिकाणी टाकलं
तर एकच खातो, बाकीचे त्याचं तोंड बघतात.
दुपारचं मी टाकते. पाठलाग होतो,
पण दगडाच्या वळणापर्यंत. तिथे तो थांबतो,
जणू काही आठवल्यासारखा.
जमलं का, मी विचारते.
आज जमलं, नेमेसिओ वहीतून मान वर न काढता म्हणतो.

गुरुवारी बाजारात मी लांबची गल्ली घेतली नाही.
प्रिमितिवा गिऱ्हाईकाला चुन्यो मोजून देत होती,
केस पांढरे झालेत तिचे, आईसारखे कानापासून.
तिच्या दुकानासमोर
मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
जड होती. नंतर पुढे गेले.