ठसा

मशीन म्हणतं, ही बाई ती नाही.
नाव बरोबर, तहसीन परकार. जन्मतारीख बरोबर.
खिडकीमागची बद्रिया माझा अंगठा
काचेवर पुन्हा दाबते, जरा तिरका, जरा सरळ.
लाल दिवा.
दोन वर्षांपूर्वी याच सोहारमध्ये
याच अंगठ्यानं मी मी होते.

बोटं फुगलीत. अंगठी मागच्या जुम्याला
साबण लावून काढली, आता ती
मसाल्याच्या डब्यात दालचिनीशेजारी.
चपला नासिरच्या घालते.
बेंबी, जी आयुष्यभर तोंड आत घालून बसली होती,
कुर्त्यातून बाहेर डोकावते,
आणि तिच्याखाली काळी रेघ,
सुरम्याच्या काडीनं कुणी ओढलेली,
आंघोळीला दर वेळी थोडी लांब.
रात्री पोटरीत गोळा येतो. नासिर शिफ्टवर.
मी भिंतीला तळवे लावून उभी,
एसीखालची बादली थेंब थेंब भरताना ऐकत.

"थंड पाण्यानं हात धुऊन या."
थंड पाणी! जुलैत!
घरी आम्ही गीझर बंद ठेवतो
आणि गरमच्या नळाला गार पाणी मागतो.
इथला नळ बोटं आणखी शिजवतो.

बसते. बाविसावा आठवडा.
काल पडद्यावर कणा दिसला, मांदेलीच्या काट्याएवढा,
हृदयाचे चार कप्पे, भुवया,
वजन साडेचारशे ग्रॅम
(मी मनात तोललं: अर्धा किलो सोडे, मूठभर कमी).
"बोटांवर रेषा उमटल्या असतील," मल्याळी डॉक्टरीणबाई
जेल पुसता पुसता म्हणाल्या,
"आता जन्मभर त्याच."

कधी उमटल्या?
मी टँकरवाल्याशी हुज्जत घालत असेन,
दापोलीला फोनवर "जेवले, जेवले" सांगत असेन,
आणि आत कुणी दिवा न लावता
आपली दहा बोटं कोरत बसलेलं.
मला विचारलंही नाही.

आता ऐकूही येतं म्हणे.
म्हणजे टोकनचा नंबर आम्ही दोघांनी ऐकला.

तर्जनी, लाल. मधलं बोट, लाल.
बद्रिया माझ्या पोटाकडे बघते, मग कॅमेऱ्याकडे,
मग हळूच डावी करंगळी उचलून ठेवते.
हिरवा.
एवढीशी उरलेय मी, जुनी.

टॅक्सीत तीच करंगळी पोटावर टेकवली.
पलीकडून कुणी दाबून बघितलं,
जरा तिरकं, जरा सरळ.
टॅक्सीवाला विचारतो, कुठे?
सांगते, थांब.