उपडा डबा

बाबालाल अत्तारांच्या दुकानात अत्तर नव्हतं.
"ते आज्यासंगट उडालं," म्हणायचे,
"आमी आता न उडणारं विकतो."
कराडात, मंडईमागच्या गाळ्यात
पौषात काकवीचे डबे यायचे,
पंधरा किलोचे, कडांना गंजलेले.
थंडीनं काकवी अशी बसायची
की डबा आडवा केला
तरी तिला ते कळायला वेळ लागायचा.

पहिल्या दिवशी मी खिळ्यानं एक भोक पाडलं
आणि डबा उपडा धरला.
भक्. थांबली.
भक्.
अर्धी बाटलीत, अर्धी पायजम्यावर.
बाबालालनी हातोडी घेतली,
समोरच्या कोपऱ्यात दुसरं पाडलं, करंगळीएवढं.
"आत वारं गेल्याबिगर
भाईर काय येत न्हाई."

मग ती आली, आवाज न करता.
पत्र्याला लागलेली जागची हलत नव्हती,
मधली तिच्या अंगावरून सरकत होती.
धार तळाला टेकली की
सुतळीसारखी स्वतःभोवती वेटोळी घालायची.
डबा उचलला की बारीक, घाईची;
खाली आणला की जाड, आळशी.
क्षणभर ढीग दिसायचा,
मग पसरून आपला आपण विसरायचा.
मी ते बघत बसायचो,
गिऱ्हाईक मला.

मला तेव्हा 'क'वर अडायचं.
"का... का..." म्हणेपर्यंत समोरचा
"काकवीच ना?" म्हणून पैसे टेकवायचा.
बाबालाल नाही.
ते वहीचं पान उलटायचे,
शाईच्या डागावर नख घासत राहायचे.
माझं वाक्य यायचं तेव्हा यायचं.

धार तोडणं सगळ्यात अवघड.
ती केसाएवढी होते, केसाहून बारीक,
ऊन आरपार जातं,
तरी दुसरं टोक बाटलीत असतंच.
मनगट फिरवायचं असतं
तव्यावर भाकरी उलटल्यासारखं.
मला जमलं ते फेब्रुवारीत,
तोवर डबे संपत आले होते.

रिकामा डबा दोन विटांवर
रात्रभर उपडा ठेवायचो, खाली वाटी.
कुलूप लावताना कान दिला
तर काहीच ऐकू यायचं नाही.
सकाळी वाटीत दोन बोटं काकवी,
वजनात न धरलेली.
"ही क... कुणाची?" विचारलं एकदा.
बाबालालनी पेपरातली भाकरी सोडली,
निम्मी माझ्यापुढं सरकवली.
"पत्र्याची," म्हणाले.
"त्यानं सोडली, म्हणून आपली."

तुकडा बुडवून उचलला.
धार वाटीपासून हनुवटीपर्यंत आली
आणि दोघंही थांबलो, तुटेपर्यंत.