पाण्यात पाहणं

त्या वर्षी आमच्या गावात मुली सातच होत्या,
त्यातल्या एकीचा हात प्लास्टरमध्ये.
म्हणजे सहा वल्ह्यांना सहा मुली.
मार्यून म्हणाली, बरं झालं,
निवडायची डोकेदुखी गेली.

दिवसभर ती कारखान्यात कॉड मासा चिरायची,
संध्याकाळी धक्क्यावर थर्मास घेऊन उभी.
डाव्या अंगठ्याचं अर्धं पेर नव्हतं.
शिट्टीही नव्हती.
फेरो बेटांवर वारा असा की
ओरडून सांगितलेलं निम्मं मेंढ्यांनाच ऐकू जातं,
म्हणून ती ओरडायची नाही.
होडी काठाला लागली की
एकेकीजवळ वाकून एकच वाक्य.
मला म्हणाली, तुझं वल्हं घाबरून लवकर बाहेर येतं.
मग आठवडाभर काहीच नाही.

आम्ही एकमेकींना पाण्यात पाहायचो.
टूरी मला, मी टूरीला,
आणि आम्ही दोघी मिळून एल्सपाला,
जिचे दंड काटकुळे,
जिला भरतीच्या लाटेवर ओकारी यायची.
टूरी एकदा सगळ्यांसमोर म्हणाली,
सहा नाही, आपण पाचच आहोत, सहावा नांगर आहे.

दुसऱ्या दिवशी मार्यूनने एल्सपाला
त्या फळीवर बसवलं
जिच्या लयीवर बाकीच्यांनी चालायचं असतं.
आता आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर
एल्सपाची पाठ,
स्वेटरला कोपरावर ठिगळ, मानेवर घाम.
हिच्यापुढे कुणी जायचं नाही, मार्यून म्हणाली.
टूरीने वल्हं आपटलं.
मार्यूनच्या तोंडून निघून गेलं,
जा मग, तुझ्यावाचून काही अडत नाही.

अडलं.
पाच वल्ह्यांची होडी तिरकी होत जाते,
सुकाण्यावरचा हेयिन बारा वर्षांचा,
तो रडकुंडीला आला.
तीन दिवस होडी शेडमध्ये, पालथी.
चौथ्या संध्याकाळी टूरी आली,
काही न बोलता जागेवर बसली.
मागून मार्यून आली, तीही गप्प.
आम्हीही विचारलं नाही.

मला कळलं ते अकरा वर्षांनी,
टूरीच्या थोरल्याच्या बारशाला.
म्हणाली, ती आमच्या दारात उभी राहिली,
बूट न काढता.
म्हणाली, माझं चुकलं.
मग कॉफी मागितली, साखर घालून,
आणि आईशी मेंढ्यांच्या किमतीवर बोलत बसली.
बस, एवढंच? मी विचारलं.
एवढंच, टूरी म्हणाली.
तोवर मला कुणा मोठ्या माणसाने
माझं चुकलं असं म्हटलंच नव्हतं.

शर्यतीत आमचा नंबर चौथा.
होड्या पाच होत्या.
तरी घरी जाताना एल्सपा गात होती,
भसाड्या आवाजात, आणि कुणीही तिला थांबवलं नाही.

आता थर्मास माझ्याकडे आहे.
मार्यूनचे गुडघे गेले, ती खिडकीतून बघते,
फोन करून एकच वाक्य सांगते.
तिची एक खोड मला फार उशिरा उमगली.
ती आमच्याकडे बघायचीच नाही,
होडी पुढे गेली की मागच्या पाण्याकडे बघायची.
वल्हं उचललं की तिथे एक भोवरा उरतो, ताटलीएवढा,
आणि तो खोटं बोलत नाही.
कुणाचा उथळ, कुणाचा फाटलेला,
रात्री घरात भांडण झालेलीचा एकीकडे कललेला.
त्यावरून ती ओळखायची
कुणाजवळ आज वाकायचं, कुणाला आज सोडून द्यायचं.

यंदा मुली पाच.
सहावीच्या आईला मी दोनदा विचारून आले,
तिसऱ्यांदा जाईन, कॉफी मागेन.
तोवर या पाचजणी खाडीत तिरक्या जाताहेत,
एकमेकींवर खेकसताहेत,
त्यांच्या पाठी पुढच्या वाटेकडे, तोंडं माझ्याकडे,
त्यांना वाटतं मी त्यांच्याकडे बघतेय.
मी पाण्यात पाहतेय.