दोन सुतं

पर्सेंटाइल एक्क्याऐंशी पॉइंट चार.
डबा द्यायला उद्यमनगरात गेले
तर लेथवरून दस्तगीरचाचा: "किती कमी पडलं?"
सांगितलं. चष्मा कपाळावर सारत म्हणाले,
"म्हंजे दोन सुतं."

दोन सुतं नाहीत, चाचा.
एका गणिताशी अकरा मिनिटं झोंबले,
हरायचं नव्हतं म्हणून.
पुढचे सात सोपे तसेच राहिले.

या खेपेला सोडायला शिकायचं.
पहाटे पाचला उठायचं,
दूधकट्ट्यावर म्हशी यायच्या आत दोन उतारे.
रविवारी मॉक, राजारामपुरी आठवी गल्ली.
फीचं बाबांना अजून बोलले नाही.

चाचांनी परत आलेला जॉब चकात धरला.
"बेतानं," स्वतःशीच पुटपुटले,
"जास्त कापलं तर भरून येत नाही."

बाबा ड्रिलपाशी पाठमोरे.
डबा हातातच.
भाकरी गरम आहे तोवर बोलायला हवं.