खोक्याएवढी जागा

रविवारी एका लग्नात, मुकुंदनगरच्या हॉलवर,
दिगंबर निळ्या रंगाचं काहीतरी प्यायला.
पाणी नाही, बर्फ नाही, मधलंच.
एकसष्टाव्या वर्षी माणूस घरी येतो
आणि बेसिनवरच्या आरशात जीभ काढून बघत राहतो,
हे मी पाहिलं
आणि चपला न वाजवता आत गेले.

सोमवारपासून मशीन.
साडेबावीस हजार.
दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर मी मांडलं:
गोळेवाल्याचा ग्लास तीस रुपये,
म्हणजे साडेसातशे ग्लास रिचवले
की त्यापुढचा आपला फुकट.
"उन्हाळा असतो किती दिवस?"
"पुण्यात आता दिवाळीपर्यंत असतो," तो म्हणाला.
हे मात्र खोडता येईना.

माळ्याचं नाव मी काढलं नाही.
त्यानेच मान वर केली:
ब्रेडचं मशीन, पाय दाबायचं मशीन,
आणि तो इलेक्ट्रिक कुकर, ज्याची वायर
कधीचीच इस्त्रीला लागली.

बोहरी आळीत एक वाजायला दहा कमी.
दुकानदार चष्म्यावरून: "घरी माणसं किती?"
"दोन."
"मग लिंबू पिळायचं यंत्र घ्या, साठ रुपये."
आणि अर्धं शटर खाली.
माहितीपत्रक तेवढं दिलं, तेही परत आणून द्या म्हणाला.

रात्री भिंगातून वाचलं.
किमान एक लिटर ओतावे.
साखर कमी पडल्यास द्रव दगडासारखा गोठेल, पाते अडकेल.
गोडाशिवाय थंडी मऊ होत नाही,
हे इतक्या सरकारी भाषेत
मला कोणी सांगितलं नव्हतं.
फ्रिजवर, गणपतीच्या चुंबकाखाली
त्याचा मार्चमधला रिपोर्ट:
जेवणानंतर दोनशे अठरा.

त्याला साखर दिसली नाही. त्याला लिटर दिसला.
एक लिटर, म्हणजे पाच ग्लास.
मैत्रेयी सिंगापूरला, वर्षाचे बारा दिवस आपली.
"लेले येतील," म्हणाला.
लेले पार्किंगच्या भांडणापासून
सात वर्षं आपल्या मजल्यावर लिफ्ट थांबवत नाहीत.
"कोकमाचं केलं तर येतील."
मग पाकिटाच्या पाठीवर नावं लिहीत बसला,
खडकीच्या फॅक्टरीतले दोघे, खालच्या मजल्यावरच्या बर्वेबाई,
लेले,
आणि केतकर, जे जानेवारीत गेले.
लिहून झाल्यावर आठवलं त्याला.
खोडलं नाही. कंस केला.

शेवटी टेप मीच काढली.
रुंदी आठ इंच, खोली सोळा, उंची सतरा.
वाण्याकडून बिस्किटांचं खोकं आणलं,
त्या मापाने कापलं, चिकटपट्टी मारली
आणि मिक्सरच्या शेजारी ओट्यावर उभं केलं.
आठ दिवस राहू दे म्हटलं.
ओट्याला झेपतंय का बघू,
मग तुझं मशीन.

पोळ्या लाटताना कोपर लागायचं.
दोनदा मी त्याला "सरक" म्हणाले, खोक्याला.
तिसऱ्या दिवशी त्यावर विजेचं बिल आलं,
पाचव्या दिवशी किल्ल्या, कोथिंबिरीची जुडी,
त्याच्या गोळ्यांची पट्टी.
घरात आलेल्या कुठल्याही वस्तूचं होतं तेच,
ती वस्तू यायच्या आधीच.

काल पहाटे पाणी प्यायला उठले
तर तो अंधारात, ओट्यापुढे.
हातात ग्लास,
खोक्याच्या पोटाशी टेकवलेला,
जिथे नळ असेल, बरोबर त्या उंचीवर.
मला बघून दचकला नाही.
"ठिबकणार थोडं," म्हणाला,
"खाली काहीतरी ठेवावं लागेल."

स्टीलची वाजली असती.
मी काचेची ताटली काढून दिली.