साठ मीटर

रकाना बारावा:
'आपणांवर कधी गुन्हा दाखल झाला होता काय? होय / नाही.
होय असल्यास तपशील.'
तपशिलाला एकच ओळ दिली आहे,
तीही मध्येच संपते, पुढं पिन टोचलेली.
आणि सगळ्यात वर, ठळक:
खाडाखोड केल्यास अर्ज बाद.

सेतू केंद्रातला प्रफुल म्हणाला,
'नाही'वर खूण मार ना बे, कोन पाहाते?
झेरॉक्सचे दहा दे.

बाल मंडळातल्या बाईंना फोन लावला.
आवाजावरून ओळखलं नाही त्यांनी,
तेव्हा तो फुटत होता.
नाव सांगितलं तर म्हणाल्या, पुसलं जातं रे ते सगळं,
अठराच्या आतलं. कायदाच आहे तसा.
पुसलं असन, तर मग इचारते कायले?
पलीकडं बराच वेळ नुसता पंखा ऐकू आला.

पहाटे चारला घुग्गुस रोडवर आम्हाला पळवतात
ते रिटायर हवालदार केवळराम गेडाम.
शिटी तोंडातच ठेवून बोलतात:
वजन कमी पडलं त केळं खा.
खोटं सापडलं त ट्रेनिंगमधून वापस.
येष्टीतून उतरशीन मंग कोन्या तोंडानं?
कोळशाचा ट्रक गेला. दातांत कचकच.
त्यांनी शिटी फुंकली, आम्ही पळालो.

वय पंधरा वर्षे चार महिने,
असं तेव्हाच्या कागदात आहे.
रोशन पुढं, पक्कड त्याच्या हातात,
टॉर्च माझ्या तोंडात.
वासेकरांच्या विहिरीवरची मोटार.
केबल ओढली तर ओली, थंड,
सापासारखी म्हणणार होतो,
पण नव्हती. केबलसारखीच होती.
नाल्यात नेऊन जाळली.
रबराचा धूर आधी घशात गोड लागतो
आणि मग आतून तांबं निघतं,
नुकत्या जन्मलेल्या लेकरासारखं लाल.

मुद्देमाल: तांब्याची केबल, चाळीस मीटर.
पंचनाम्यात चाळीस,
मंडळाच्या आदेशात चाळीस.
साठ होती.
वीस मीटर रोशननं पकडायच्या आधीच भंगारात टाकली,
माझ्या वाट्याला सातशे आले.
काय घेतलं त्याचं, आठवत नाही.
शाळेतली खिचडी रांधून आलेल्या आईनं
हात न धुताच विचारलं होतं,
तेव्हाही आठवत नव्हतं.

चारित्र्याचा दाखला पोलीस पाटलाचा लागतो.
आमच्या गावचे पोलीस पाटील
नारायणराव वासेकर.
तेच. विहीर तीच.

गेलो तर खाटेवर तुरीच्या शेंगा सोलत होते.
फॉर्म चष्म्याजवळ नेला.
बाराव्या रकान्यावर अंगठा थांबला.
मी 'होय' लिहिलं होतं, पुढं बारीक अक्षरात वर्ष,
कलम, केबल, ४० मीटर.

'साठ होती,' ते म्हणाले.
'वणीहून मोजून आनली होती म्या.'
मग शेंगेकडं पाहत:
'हरभरा फुलावर होता. अकरा दिवस पानी नाही.'
रागानं म्हणाले असते तर
मला काहीतरी करता आलं असतं,
मान खाली घालणं वगैरे.
त्यांनी टोपली माझ्याकडं सरकवली.
'सोल तवरक. शिक्का पाहातो.'

आतून डबे सरकवल्याचे आवाज.
मी सोलत बसलो.
एकीत अळी निघाली, ती अंगणात टाकली.
कोंबडीनं तिला खाल्लं.
अर्ज बाद, असं छापलंय.
नवा फॉर्म वणीला मिळतो, उद्या शेवटची तारीख,
हे सगळं मोजून झालं
आणि मी ४० वर रेघ ओढली.
वर ६० लिहिलं, शेजारी सही केली,
बँकेत करतात तशी.

ते शिक्का घेऊन बाहेर आले.
पाहिलं. बोलले नाहीत.
पॅड उघडलं, तर शाई सुकलेली.
खाटेखालचा तांब्या उचलला त्यांनी
आणि बोटानं
दोन थेंब पाणी सोडलं तिच्यावर.