जूनमधला समुद्र

आम्ही समुद्र पाहिला तो नेहमी जूनमध्ये,
म्हणजे आमच्याकडच्या ऐन थंडीत.
मार देल प्लाताची जी खोली
जानेवारीत दोन पगार गिळायची
ती जूनमध्ये अर्ध्यात मिळायची,
आणि पप्पा म्हणायचे, पाणी तेच असतं, नेलिदा,
पाण्याला काय ठाऊक महिना कुठला ते.

हुनीनहून पहाटे चारला निघायचो.
मागच्या सीटवर मी आणि फाबियान,
आमच्या मध्ये उकडलेल्या अंड्यांचा डबा,
त्याच्यावर आजीची घोंगडी.
आई पुढे बसून येर्बाचा कडू काढा ओतत राहायची.
पांपात उतार नसतो, सगळं पोळपाटासारखं सपाट,
पण वारा पाठीमागून आला
की पप्पा अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायचे.
गप्प बसा, हा वारा फुकट आहे.
आणि आम्ही खरंच गप्प बसायचो,
बोललो तर वाऱ्याला बिल लावायची आठवण होईल असे.

एकोणनव्वद साली भाव
सकाळी एक असायचा, जेवणानंतर दुसरा.
पाट्या पुसून पुसून दुकानदारांनी
खडू कानावरच ठेवायला सुरुवात केली होती.
पप्पांनी मार्चमध्येच चार रात्रींचे पैसे भरले होते.
पावतीची चौघडी खिशात,
झोपतानासुद्धा शर्टावरून चाचपून बघायचे.
जून उजाडला तेव्हा त्या रकमेत
दोन कॉफ्या आल्या असत्या. एक बिनदुधाची.

दोन्या एर्सिलियाने चष्मा लावला,
पावती उजेडात धरून दोनदा वाचली,
एकदा पप्पांकडे पाहिलं, एकदा आमच्या बोचक्यांकडे.
शब्द तो शब्द, ती म्हणाली,
पण हीटर त्यात धरलेला नाही.

त्या रात्री आम्ही चौघं एका पलंगावर,
कोट घालून, टोप्या घालून,
खिडकीच्या फटीत आईने कोंबलेलं कालचं वर्तमानपत्र
वाऱ्याने बडबडत होतं.
फाबियानचे पाय माझ्या पोटात.
आणि अंधारात पप्पा हसत होते,
आधी नाकातल्या नाकात, मग उघड,
दोन कॉफ्यांत, नेलिदा! चार रात्री!
आई म्हणाली, झोप आता, ओस्वाल्दो,
पण पलंग हलत होता तो तिच्याही हसण्याने.

किनाऱ्यावर आमच्याशिवाय एक कुत्रा.
पप्पांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली,
पाण्यात पाय घातले, आणि चेहरा न बदलता म्हणाले,
कोमट आहे.
आम्ही धावलो.
तसा विश्वास त्यानंतर मी कुणावर टाकलेला नाही.

परतताना कारखान्याच्या मागच्या दारातून
तुटके अल्फाहोर, किलोवर.
घरी आल्यावर आई टेबलाशी बसून
अर्ध्याला अर्धं जुळवायची, मधे डुल्से दे लेचेचं बोट,
आणि अखंड म्हणून शेजारी वाटायची.

आता जानेवारी आहे.
मी पूर्ण किंमत मोजून आले आहे,
बाल्कनी, समुद्रदर्शन, न्याहारीसकट.
समुद्र दिसत नाही, छत्र्या दिसतात.
माझा मुलगा पाण्यातून ओरडतो, मस्त कोमट आहे,
आणि ते खरं आहे,
म्हणून मला काय बोलावं सुचत नाही.

संध्याकाळी पप्पांचा फोन.
एक्याऐंशी वर्षं, आई गेल्यापासून आवाज बारीक झालेला.
कशी आहेस नाही, जेवलीस का नाही.
कितीला पडली?
मी आकडा सांगते. खऱ्याच्या निम्मा.
पलीकडे शांतता, मग तो नाकातला आवाज,
मला पलंग हलल्यासारखा वाटतो.

आणि हीटर? ते विचारतात.

खाली चाळीस हजार माणसं घामेजून आइस्क्रीम चाटताहेत.

वेगळा, पप्पा, मी म्हणते.
हीटर वेगळा.